ओट्याची उंची

दामूकाका, कावळा लगेच शिवला. नदीकाठी पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागे सरलो, मी अजून नीट हातही जोडले नव्हते, तेवढ्यात चिंचेवरून एक जण खाली आला आणि चोच मारून गेलासुद्धा. सगळ्यांना हायसं वाटलं. भटजी म्हणाले, "जीव तृप्त होता, काही मागे राहिलं नव्हतं." काकू डोळे पुसता पुसता हसल्या. मी मात्र खट्टू झालो. माझ्यासाठी तरी अर्धा तास खोळंबाल असं मला वाटलं होतं. कावळा अडून बसला की घरची माणसं पुढे होऊन कबूल करतात ना, तुझं अमुक करीन, तमुक सांभाळीन, तसं मीही एक वाक्य मनात घोळवत आणलं होतं. "काका, ते नळाचं मी खरं काय ते सांगेन." ते म्हणायची वेळच तुम्ही येऊ दिली नाहीत. जिवंतपणीसुद्धा हेच केलंत.

गेलात तेही तुमच्या पद्धतीने. दुपारी जेवायला बसलात, वालाचं बिरडं चांगलं झालंय म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतलंत, पान लावलंत, ओसरीवर भिंतीला टेकलात आणि टेकलेलेच राहिलात. भिंत तुमच्याच हातची. वाईट वाटतं काका, फार वाटतं. पण तुमच्यासाठी रडायला बसलं की मध्येच काहीतरी आठवतं आणि हसू येतं, आणि मग धड रडणंही होत नाही.

साइटवर मी तुम्हांला मिस्त्री म्हणायचो आणि बदलापूर गावात शिरलं की काका. तुमचंही तसंच. चार माणसांत मी ओव्हरसिअरसाहेब, आणि दोघंच असलो की 'अरे भास्कर'. दोघंच असताना तुम्ही साहेब म्हणालात की मी समजायचो, आज माझं काहीतरी चुकलंय. पाच फूट उंचीचे गवंडी तुम्ही, पण तुमच्या त्या 'सायब'ची मला मोठ्या इंजिनिअरपेक्षा जास्त धास्ती वाटायची.

आणि तुमची ती सुतळी. कुठलंही काम घेतलं की आधी अर्धा दिवस त्या जागी नुसतं बसायचं, पान चघळायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचं. मग खिशातून सुतळी काढायची आणि माणसाला मापून गाठ मारायची. म्हाताऱ्याच्या घराची पायरी बांधायची तर त्याचा गुडघा किती उचलतो ते बघायचं. गव्हाण बांधायच्या आधी म्हशीच्या मानेला सुतळी लावणारा गवंडी मी दुसरा पाहिला नाही. लोक हसायचे. मीही हसायचो, कारण मी ओव्हरसिअरची परीक्षा पास झालो होतो आणि माझ्याकडे पोलादी टेप होती.

फाळणी होऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या पुढे लष्कराने सोडलेल्या बराकींत राहत होती. आता त्याला उल्हासनगर म्हणतात, तुम्ही शेवटपर्यंत कॅम्पच म्हणालात. एकेका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे लावून दहा-दहा संसार. सैनिकांसाठी बसवलेले नळ अर्धेअधिक मोडलेले. तिथे बारा नवी नळकोंडाळी बांधायचं काम माझ्याकडे आलं. माझं पहिलं स्वतंत्र काम. मी हट्टाने तुम्हांला मिस्त्री म्हणून लावून घेतलं आणि रोज सकाळी सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेऊ लागलो.

नकाशा मी मन लावून काढला होता. खांबाला चार नळ, आणि प्रत्येक नळाखाली साडेतीन फूट उंचीचा दगडी ओटा. हंडा ओट्यावर ठेवायचा, भरायचा, आणि जरासं वाकून डोक्यावरच्या चुंबळीवर सरकवून घ्यायचा. उचलू लागायला दुसरं माणूस नको. तुम्ही नकाशा उलटासुलटा करून पाहिलात आणि एवढंच म्हणालात, "मी दोन दिवस तिथं बसून बघू का आधी?" मी म्हणालो, उन्हाळ्याच्या आत बाराच्या बारा उभी राहायला हवीत, वरून मंजुरी आलीय, बसायला वेळ कुठे आहे. तुम्ही पानाची पिंक टाकलीत आणि कामाला लागलात.

तो ओटा माझ्या डोक्यात कुठून आला हे तुम्हांला ठाऊक होतं. वडील गेल्यावर आई चार घरी स्वयंपाक करायची. सगळ्या बायका सकाळी विहिरीवर जायच्या तेव्हा ती कुणाच्या तरी चुलीपुढे असायची. तिची पाण्याची वेळ भर दुपारची, विहिरीवर चिटपाखरू नाही. ती हंडा भरायची आणि त्याच्या शेजारी उभी राहून वाट बघायची, कुणीतरी येईल आणि उचलू लागेल म्हणून. मला तो हंडा पेलायचा नाही. पेलायला लागला तेव्हा मी शिकायला ठाण्याला गेलो होतो. भरलेल्या हंड्याशेजारी उभी असलेली आई एवढं एकच चित्र घेऊन मी शिकलो, असं म्हटलं तरी चालेल. हातात काही बांधायची सत्ता आली तर पहिल्यांदा हे करायचं, असं ठरवलं होतं.

पहिलं कोंडाळं उभं राहिलं, नळ सुटले, आणि देवीबाई पुढे आल्या. शिकारपूरच्या, साठीच्या, त्या बराकीच्या अघोषित सरपंच. हातात तेलाचा मोठा डबा, त्याला वर लाकडी दांडा ठोकलेला. त्या माझ्या ओट्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साईं, ये किसके लिए बनाया है? हमारे यहाँ ऊँट इतने ऊपर से पानी पीता है."

बायका खो-खो हसल्या. मी कसाबसा हसलो. आणि मग मी जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. त्या सगळ्यांकडे बादल्या होत्या आणि डबे होते. हंडा एकीकडेही नव्हता. तिकडे सिंधमध्ये बहुतेकींच्या घरात हातपंप, काहींकडे पाणी भरायला माणूस. डोक्यावरून पाणी त्यांनी आयुष्यात वाहिलं नव्हतं. रिकामी बादली छातीपर्यंत वर चढवायची, भरली की ती जड बादली खाली उतरवायची, आणि उतरवताना निम्मं पाणी अंगावर. पोरांचे हात तर नळापर्यंत पोचेचनात. दोन दिवसांत कुणीतरी सायकलची जुनी ट्यूब कापून नळाला बांधली आणि तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या बादलीत सोडलं. आठवड्याभरात माझ्या ओट्यावर पापड वाळायला लागले.

मी चिडलो. "यांना वापरता येत नाही," असं म्हणालो, आणि म्हणालो ते तुमच्यासमोर. तुम्ही थापी धुवून बाजूला ठेवलीत, इकडेतिकडे कुणी नाही बघितलंत आणि सांगितलंत, "भास्कर, ओटा चांगला हाय. पण तू तो तुझ्या आयशीसाठी बांधलास. ती हितं राहत नाय."

काका, इतकं खरं मला कुणी कधी ऐकवलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते सोसलं नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, नकाशात आहे तेवढं करा. डोकं चालवायला सरकार मला पगार देतं." हे वाक्य मी कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितोय. तुम्ही "बरं सायब" म्हणालात आणि त्या संध्याकाळी सायकलवर बसला नाहीत. कॅम्पापासून बदलापूरपर्यंत चालत गेलात. मी शेजारून सायकल हळूहळू चालवत होतो, घंटी वाजवत होतो, "बसा ना" म्हणत होतो. अंबरनाथ आलं तरी तुम्ही वळून पाहिलं नाहीत. शेवटी मीही उतरलो आणि सायकल ढकलत तुमच्या मागून चाललो. घरी पोचेपर्यंत माझे पाय मोडून आले. तुम्ही मात्र ताजेतवाने.

असे आठ दिवस गेले. त्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही एकटेच कॅम्पात जाऊन कोंडाळ्यापाशी बसलात, हे मला मागाहून कळलं. सकाळपासून दुपारपर्यंत. देवीबाईंना उभं करून, त्यांचा हात कुठे पोचतो, डबा कुठून उचलला तर कंबरेला बरं, सगळं सुतळीने मापलंत. तुम्हांला त्यांचं बोलणं कळत नव्हतं आणि त्यांना तुमचं. तरी काम अडलं नाही म्हणे.

दुसरं कोंडाळं माझ्या नकाशाप्रमाणे झालं नाही. मी मंजुरीच्या कागदांसाठी तीन दिवस कल्याणच्या कचेरीत होतो, तेवढ्यात तुम्ही ते वर काढलंत. तीन नळ खाली आणलेले, त्यांच्याखाली वीतभर उंचीचा चौथरा, बादली टेकवायला पुरेल एवढा, पाणी साचू नये म्हणून एका अंगाला उतार दिलेला. शेजारी एक बुटकी बैठक, बसून कपडे धुणारीसाठी. आणि चौथ्या बाजूला माझा साडेतीन फुटी ओटा जसाच्या तसा. मी सायकलवरून उतरलो तो पाडायला लावायच्या तयारीनेच. तुम्ही गिलाव्यावर पाणी मारत होतात. देवीबाई डबा भरून एका हाताने उचलून चालू लागल्या, थेंब सांडला नाही. जाता जाता मला म्हणाल्या, "अब ठीक है, साईं." मी सायकल बाजूला टेकवली आणि पाडायचं राहू दिलं.

नेमके त्याच दिवशी मोठे साहेब जीपमधून आले. काका, हे तुम्ही ऐकलंतच, माझ्यापासून चार हातांवर तर उभे होतात. त्यांनी कोंडाळ्याला एक फेरी घातली, बायका पाणी भरताना पाहिल्या आणि विचारलं, "छान आहे. नकाशात तर हे नव्हतं. कल्पना कोणाची?" मी म्हणालो, "माझी, सर."

बस्स. दोन शब्द. साहेबांनी उरलेली दहाही तशीच बांधा म्हणून सांगितलं आणि पुढे मला अंबरनाथच्या कामगार वसाहतीचं काम मिळालं ते त्या दोन शब्दांवर. तुम्ही पाणी मारत राहिलात. संध्याकाळी मी सायकल काढली तर तुम्ही आपणहून कॅरिअरवर येऊन बसलात आणि विचारलंत, "आज वैनीनं भाकरीबरोबर काय दिलं होतं?" मी म्हणालो, आईने भरली वांगी दिली होती. तुम्ही म्हणालात, मला एक ठेवायचं होतंस. इतक्यावर प्रकरण मिटलं. तुमच्या बाजूने.

माझ्या बाजूने ते आठ-नऊ वर्षं चालू राहिलं. किती वेळा मी सुरुवात केली. एकदा अंबरनाथच्या देवळापुढे, तुम्ही त्या जुन्या दगडांचे सांधे बोटाने तपासत होतात, मी म्हणालो, "काका, त्या दिवशी साहेबांपुढे मी..." तुम्ही म्हणालात, "चुना नाय वापरलेला बघ कुठं." एकदा सायकलवर सुरू केलं तर म्हणालात, "पुढं खड्डा हाय." खड्डा खरोखरच होता, त्यात आपण दोघं पडलो आणि बोलणं राहिलं. मग मी स्वतःचीच समजूत घातली की काकांना काही वाटत नाही. वाटत नव्हतंच तुम्हांला. मला वाटत होतं.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही कधी माघार घेतली नाहीत. तुमचं म्हणणं, ओटा बांधला की उचलू लागायला कुणी लागत नाही, आणि मग बायका एकमेकींशी बोलणार कधी? हंडा उचलू लागताना अर्ध्या गावाची सुखदुःखं बोलून होतात. मी म्हणायचो, ज्यांना बोलायचं त्या ओटा असला तरी बोलतील, पण एकटीला ताटकळत ठेवून गप्पांची सोय करायची हा कुठला न्याय. तुम्ही म्हणायचात, तुझं बरोबर हाय, पण माझंही चूक नाय. मी वैतागायचो. तो वाद काही संपला नाही, आणि आता संपणारही नाही. माझ्यापुरतं सांगतो, मी अजून माझ्याच बाजूला आहे.

म्हणूनच गावच्या विहिरीवर तुम्ही तसा ओटा बांधलात तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. मी तेव्हा अंबरनाथला राहायला गेलो होतो. सणाला घरी आलो तर विहिरीजवळ दगडी ओटा, आणि आई त्यावरून हंडा डोक्यावर घेतेय, कुणाची वाट न बघता. मी मनात म्हटलं, शेवटी काकांनी माझा नकाशा मानला. इतकी वर्षं हाच समज मी कुरवाळत बसलो होतो. कॅम्पातलं श्रेय तुमचं मी घेतलं, पण गावातला ओटा माझा, म्हणजे फिटंफाट, असंही कधीकधी वाटायचं.

काल दहाव्याहून परतल्यावर काकूंनी खुंटीवरचा सुतळ्यांचा जुडगा काढून माझ्यापुढे ठेवला. प्रत्येकीला रंगीत चिंधी बांधलेली, कोणाची कोणती ते तुमचं तुम्हांलाच ठाऊक. एक तेवढी त्यांनाही माहीत होती. लाल चिंधीची. "ही तुमच्या आईची," त्या म्हणाल्या. "विहिरीचा ओटा बांधला तवाची."

मी ती घरी आणली आणि टेप लावली. साडेतीन फुटांना चार बोटं कमी. मी पुन्हा मापली. आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "हो, दामूभाऊंनी मापलं होतं की," ती म्हणाली. "भरला हंडा घेऊन दोनदा उभं केलं मला. आधी जरा उंच धरलं होतं, मी म्हटलं, भावजी, एवढ्या उंचीवर माझी मान अवघडेल. मग खाली घेतलं."

"आणि काय म्हणाले?"

"म्हणाले, ओटा तुझ्या लेकाच्या डोक्यातला, वैनी. मी फक्त उंची विचारायला आलोय."

काका, मी तिथेच पाटावर बसलो. कॅम्पातल्या बायकांना मी विचारलं नव्हतं, ते एक वेळ सोडा, त्या परक्या होत्या, बोली वेगळी होती. पण जिच्यासाठी म्हणून मी तो ओटा आयुष्यभर डोक्यात वाहिला, तिलाही मी एकदासुद्धा विचारलं नव्हतं की आई, तुला किती उंच हवाय. साडेतीन फूट हे मी कल्पनेनेच धरलं होतं. आणि हे तुम्हांला इतकी वर्षं माहीत होतं. चार बोटं गपचूप कमी केलीत आणि नाव माझं सांगितलंत. मी आईला कॅम्पातली सगळी हकीकत सांगितली, ते 'माझी, सर'सुद्धा. तिने तांदळातला खडा काढून टाकला आणि म्हणाली, "मग हे मला कशाला सांगतोस? जिथे खोटं बोललास तिथे जा." मोठे साहेब केव्हाच बदलून गेले आहेत, पत्ता काढून त्यांना पत्र लिहायचं ठरवलंय. पण आईने 'तिथे' म्हटलं ते साहेबांबद्दल नव्हतं.

म्हणून आज सकाळी मी कॅम्पात गेलो. सायकल जड लागत नव्हती, त्याचंच वाईट वाटलं. कोंडाळं उभं आहे काका, उतार अजून शाबूत आहे, चौथऱ्याच्या कडा बादल्यांनी गुळगुळीत झाल्यात. माझ्या ओट्यावर पापड होते. देवीबाई बुटक्या बैठकीवर बसल्या होत्या. आता फार वाकल्यात. मी तुम्ही गेल्याचं सांगितलं. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. मग मी जमेल तशा हिंदीत, भोवती पाणी भरणाऱ्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं सांगितलं की हा नळ माझ्या डोक्यातला नव्हे, मिस्त्रींच्या डोक्यातला, आणि मी त्या दिवशी साहेबांना खोटं सांगितलं.

मला वाटलं होतं कुणीतरी काहीतरी म्हणेल. बायका बादल्या भरत राहिल्या. देवीबाईंनी माझ्याकडे मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हमको तो पहले दिन से मालूम है, साईं. आप यहाँ कभी बैठे ही नहीं."

मग त्यांनी बैठकीवर सरकून जागा केली आणि हाताने थोपटलं. मी बसलो, काका. पान नव्हतं, तुमच्यासारखं नुसतं बघायची सवय नाही, पहिला तासभर चुळबुळत होतो. उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसलो. तेव्हा कुठे मला दिसलं की देवीबाईंचा डबा शेजारची सून भरून देते. वाकलेल्या पाठीमुळे आणि आखडलेल्या खांद्यामुळे त्यांचा हात आता नळाच्या चावीपर्यंत पोचत नाही. आपण बांधला तेव्हा पोचत होता. त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, आणि कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

मी विचारलं. त्या आधी नको नको म्हणाल्या, मग नळाच्या खांबाला धरून उठल्या आणि हात वर केला, जेवढा जात होता तेवढा. मी खिशातून कोरी सुतळी काढली. एक टोक चौथऱ्यावर पायाखाली दाबलं, दुसरं त्यांच्या बोटांपाशी नेलं आणि गाठ मारली. पहिलीच होती, जरा सैल बसली. तुम्ही असतात तर सोडून पुन्हा मारायला लावली असती. मी सोडली आणि पुन्हा मारली.